आवाज ठेवायचे कुठे?

मराठवाड्यात ढग ही काही विश्वासाची गोष्ट नव्हे. ज्येष्ठ-आषाढात तो आभाळभर दाटतो, गडगडतो आणि शेजारच्या तालुक्यात जाऊन बरसतो. जळकोटच्या कोणाही शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरकरांना पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. त्या गाडीला 'जलदूत' असे नाव मिळाले होते. मेघाचे काम आगगाडीने केले, एवढाच त्याचा अर्थ. अशा मुलखात राहून आपल्या अनेक वर्षांच्या कामाच्या धारिका, म्हणजे रोजच्या भाषेत फायली, 'क्लाउड'च्या हवाली कराव्यात काय आणि करायच्या तर कोणाच्या, या प्रश्नाशी आम्ही गेले काही महिने झटतो आहोत. प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. तो तसा नाही, असे आमचे मत होत गेले. ते का, हे साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

कालिदासाच्या यक्षाने मेघाकडे निरोप सोपवला, तेव्हा धूर, प्रकाश, पाणी आणि वारा यांच्या या पुंजक्याला निरोप तो काय कळणार, ही शंका कवीने आधीच घेऊन ठेवली आहे. संगणकाच्या मेघात तर धूर आणि पाणीही नाही. दूरच्या कुठल्या तरी इमारतीत रात्रंदिवस चालणारी यंत्रे आहेत, त्यांना वीज लागते, थंडावा लागतो, आणि त्या इमारतीला मालक असतो. 'क्लाउड' या शब्दाने हा मालक दृष्टीआड होतो. म्हणून कोणती मेघसाठवण निवडावी याचा विचार करताना तो शब्द बाजूला ठेवून 'दुसऱ्याचे कपाट' असे म्हणून पाहावे. मग योग्य ते प्रश्न आपोआप सुचू लागतात: कपाट कोणाचे, किल्ली कोणाकडे, भाडे किती, आणि मालकाने दुकान बंद केले तर सामान कसे काढायचे?

आता आमचे सामान काय ते सांगतो. जळकोट हा लातूर जिल्ह्याच्या कडेचा तालुका. एका अंगाला नांदेड जिल्ह्यातील मुखेड-कंधारचा मुलूख, दुसऱ्या अंगाला उदगीर, आणि त्यापलीकडे थोड्याच अंतरावर कर्नाटक व तेलंगण. येथल्या बोलीत तेलुगू, कन्नड आणि दखनी शब्द पाहुण्यासारखे येतात आणि घरच्यासारखे राहतात. आसपासच्या गावांतील वृद्ध स्त्रियांकडून, काही आम्ही आणि काही आमच्या विद्यार्थ्यांनी, जात्यावरच्या ओव्या, पाळणे, लग्नातली गाणी आणि साध्या गप्पा ध्वनिमुद्रित केल्या. सगळे मिळून साधारण ४० तासांचे ध्वनिमुद्रण आहे. न आक्रसलेल्या, म्हणजे 'वेव्ह' प्रकारच्या ध्वनीला मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागते. तासाला सहाशेहून अधिक. या हिशेबाने ४० तासांचे सुमारे २५ जीबी झाले. विवाहाच्या एका चित्रफितीपेक्षा फार मोठा हा ऐवज नव्हे. पण गायलेल्या बायकांपैकी कित्येक आता नाहीत. दळण गिरणीवर गेले, जाती अंगणात पालथी पडली, आणि त्यांच्या सुनांना पहिल्या दोन ओळींपलीकडे ओवी आठवत नाही. यांतल्या पुष्कळ आवाजांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. प्रश्नाचे वजन येथे आहे.

प्रतींचा विचार मराठीला नवा नाही. किंबहुना आपल्या वाङ्मयाचा इतिहास हा बऱ्याच अंशी प्रतींचाच इतिहास आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गावोगाव हिंडून गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केले. परंपरा असे सांगते की, खल्जीच्या स्वारीच्या धामधुमीत ती मूळ पोथी नाहीशी झाली आणि नंतर अनुयायांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. आज लीळाचरित्राच्या ज्या अनेक पाठपरंपरा आपण वर्गात शिकवतो, त्यांचे मूळ या घटनेशी जोडले जाते. विद्यार्थी पाठभेदांना कंटाळतो. परंतु पाठभेद ही वाचल्याची खूण आहे: पोथी गेली तरी ग्रंथ अनेकांच्या मुखी होता, म्हणून राहिला. पुढे पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तीही अनेक प्रती हाती होत्या म्हणूनच. एकच प्रत असती तर शुद्ध कशाशी ताडून करणार?

या दोन उदाहरणांतून आम्ही एवढेच घेतो: ग्रंथ एकाहून अधिक हातांत असावा लागतो. जागा कितीही भक्कम असली तरी ती जागाच असते. हात मात्र पुढच्या हाताला देतो.

हे सूत्र संगणकाच्या काळात कसे चालते, याचे उत्तम उदाहरण आमच्याच विषयातले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी पुण्यातून सुरू केलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांमधून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. १९९०च्या दशकाच्या मध्यात संगीत आणि संगणक या दोहोंचे जाणकार बर्नार्ड बेल त्यात आले आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. त्यात मराठवाडाही आहे: बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात बायकांनी डॉ. आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्या १९९६ सालच्या आहेत. पॉइटविन २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. एरवी अशा वेळी संग्रह ट्रंकेत जातो आणि ट्रंक माळ्यावर जाते. येथे तसे झाले नाही. हे ध्वनिमुद्रण गुडगावच्या संगीतविषयक अभिलेखागारात होते, फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हान्स येथील भाषाविषयक संग्रहात होते, आणि पुढे 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून त्या ओव्या मजकूर, आवाज आणि अनुवादासह प्रसिद्ध करायला घेतल्या. संग्राहक गेल्यावरही संग्रह बोलत राहिला, कारण ते असतानाच तो दुसऱ्यांचा झाला होता. त्या कामाच्या शेजारी आमचे चाळीस तास म्हणजे ओंजळभर दाणे. पण नियम ओंजळीलाही तोच.

आता कपाटांच्या बाजाराकडे वळू. गूगल १५ जीबी जागा मोफत देते, परंतु त्यातच टपाल, छायाचित्रे आणि धारिका सगळे बसवायचे. मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल प्रत्येकी ५ जीबी देतात, ड्रॉपबॉक्स २. आमचे २५ जीबी यांपैकी कोणत्याच फुकट जागेत मावत नाहीत. शंभर जीबीची जागा वर्षाला साधारण हजार-दीड हजार रुपयांत मिळते. एका बऱ्या शब्दकोशाच्या किमतीत. तेव्हा पैसा हा खरा अडसर नव्हे. अडसर आहे तो वचनाचा. मायक्रोसॉफ्टने २०१४ साली आपल्या वर्गणीदारांना अमर्याद जागा देऊ केली आणि पुढच्याच वर्षी ती मागे घेतली. गूगलने छायाचित्रांना दिलेली अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. ॲमेझॉनची 'ड्राइव्ह' ही सेवा २०२३च्या अखेरीस मिटली. याहून जुन्या वाचकांना जिओसिटीज आठवत असेल. २००९ साली ती बंद झाली तेव्हा लोकांनी हौसेने उभारलेली लक्षावधी पाने उठली. यांत कोणी कोणाला फसवले असे म्हणता येत नाही. दुकान होते, ते दुकानासारखे वागले. मठाकडून अपेक्षा करावी ती आपण दुकानाकडून करू लागलो, तर दोष दुकानाचा नाही.

दुसरी गोष्ट, ही कपाटे बहुतांशी 'प्रत' ठेवत नाहीत, 'प्रतिबिंब' ठेवतात. आपल्या यंत्रावर धारिका बदलली की तिथेही बदलते. येथे पुसली की तिथेही पुसली जाते, आणि गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहून कायमची जाते. आरशाला कोणी प्रत म्हणत नाही. लहानग्याने खेळता खेळता भ्रमणध्वनीवरचे एक दालन पुसले आणि महिन्याने लक्षात आले, तर मेघात शोधायला काही उरत नाही. म्हणून ध्वनिमुद्रणे आपोआप जुळवून घेणाऱ्या दालनात न ठेवता हाताने चढवावीत आणि मग त्यांना हात लावू नये, हे बरे.

जळकोटपुरते एक व्यावहारिक गणित आहे. माहिती उतरवून घेण्याचा वेग सर्वत्र जाहिरातीत सांगतात. चढवण्याचा वेग कोणी सांगत नाही. तो सेकंदाला १ मेगाबिट धरला तर २५ जीबी चढायला ५५ तासांहून अधिक लागतात, तेही वीज न जाता. दिवसाला २ जीबीची मर्यादा असलेल्या भ्रमणध्वनीच्या जोडणीवर तेरा दिवस. तेव्हा खेड्यातल्या माणसाने सेवा निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा: मध्येच खंड पडला तर चढवणे जिथे थांबले तिथून पुढे सुरू होते, की पुन्हा श्रीगणेशा?

इतका खटाटोप करण्यापेक्षा दोन हार्ड डिस्क घ्याव्यात आणि घरातल्या दोन कपाटांत ठेवाव्यात, असे आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवले. याचे उत्तर आमच्या जिल्ह्याला वेगळे द्यावे लागू नये. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा तालुक्यातील किल्लारी आणि आसपासची गावे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या घरात माणसे मरण पावली. माणसांच्या दुःखापुढे कागदांचा हिशेब कोणी मांडला नाही, आणि ते योग्यच झाले. पण ज्या घरात माणूस, त्याच घरात त्याची पेटी, पोथी, जमिनीचे कागद आणि छायाचित्रे असतात, हे त्या पहाटेने दाखवले. एका छताखालच्या दोन प्रती ही एकच प्रत. हेच दूरदेशी मोठ्या आकारात घडले: सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय विदाकेंद्राला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या धारिकांची 'जी-ड्राइव्ह' नावाची ८५८ टेराबाइटची साठवण जळून गेली. ती फार मोठी, म्हणून तिची दुसरीकडे प्रत ठेवलेली नव्हती. अर्थात मेघालाही गावाबाहेरची दुसरी प्रत लागते. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, त्यांतली एक प्रत दूर: छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला हा नियम महाजालावर सर्वत्र सांगितला जातो. महानुभावांना तो कोणी सांगितला नव्हता. त्यांच्या पोथ्या माहूरपासून पार पंजाबपर्यंतच्या मठांत गेल्या त्या पंथाच्या पायांनी.

महानुभावांचा विषय निघालाच आहे, तर आमची सर्वांत मोठी अडचणही त्यांच्याच वाटेने सांगतो. ध्वनिमुद्रण करताना एका आजीने विचारले होते, "मास्तर, ह्ये आवाज कुटं ठिवणार हाव? घरात का बँकेत?" हसून आम्ही काही तरी उत्तर दिले. मग त्यांनी सासरच्या जाचाच्या चार ओव्या म्हटल्या, त्यात नवऱ्याचे नाव होते, दिराचे होते, आणि शेवटी म्हणाल्या, "ह्या मातर माझ्या पोराला ऐकू दिऊ नगा. मी गेल्यावर बगा काय ते." आता ही चार मिनिटे कोणाच्या कपाटात ठेवायची? नेहमीच्या मेघसाठवणीत धारिका कंपनीच्या यंत्रांवर सांकेतिक रूपातच असतात हे खरे, पण किल्ली कंपनीजवळही असते. मेगा किंवा प्रोटॉन यांसारख्या सेवांत, अथवा 'क्रिप्टोमेटर'सारखे मोफत साधन वापरले असता, धारिका आपल्या यंत्रातून बाहेर पडण्यापूर्वीच कूटलिपीत जाते आणि किल्ली आपल्याजवळ राहते. आजींच्या शब्दाला जागायचे तर हाच मार्ग.

परंतु मग परवलीचा शब्द विसरला, किंवा तो जाणणारा माणूस गेला, तर कंपनीचा कोणीही ती धारिका उघडून देऊ शकत नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत घातले. हेतू पावित्र्यरक्षणाचा होता. लिपीने ग्रंथ जपले खरे, पण पंथाबाहेरच्या मराठी जगाला ते शतकानुशतके असून नसल्यासारखे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची उकल केली तेव्हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची पहिली प्रकरणे नव्याने लिहावी लागली. आजची कूटलिपी कोणा राजवाड्यांना उकलणारी नाही. आजी म्हणाल्या होत्या 'मी गेल्यावर'. म्हणजे त्यांना गुप्तता हवी होती, विस्मृती नव्हे. या दोहोंतला फरक नुसत्या सेवेवर सोडून चालत नाही. तो फरक माणसालाच करावा लागतो: किल्ली कागदावर लिहून बंद पाकिटात दोन विश्वासू व्यक्तींकडे द्यायची, आणि पाकिटावर केव्हा उघडावे ते लिहायचे.

येथे वारसाचा मुद्दा येतो. दोन वर्षे न वापरलेली खाती आणि त्यांतील सामग्री गूगल डिसेंबर २०२३ पासून पुसू लागले आहे. तुमचे खाते निष्क्रिय झाल्यास माहिती कोणाला द्यावी हे आधीच नोंदवण्याची सोय त्याच कंपनीने २०१३ साली केली, ॲपलने २०२१ साली. परिचयातल्या किती प्राध्यापकांनी ती वापरली आहे याची आम्ही सहज चौकशी केली. एकानेही नाही. इच्छापत्रात शेत येते, घर येते, क्वचित ग्रंथसंग्रह येतो. धारिका येत नाहीत.

आणि समजा, सगळे टिकले. वाचता येईल काय? १९९० नंतर मराठीत संगणकावर जे टंकलेखन झाले ते बहुतेक श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा खाजगी टंकांत. तो टंक नसलेल्या यंत्रावर अशी धारिका उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक चिवडा दिसतो. कित्येक अभ्यासकांचे प्रबंध या अवस्थेत आहेत: सीडीवर सुरक्षित आणि वाचायला अशक्य. ही अभावितपणे घडलेली सकळ लिपीच म्हणायची. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. मेघात चढवण्यापूर्वी मजकूर युनिकोडमध्ये आणून घ्यावा, मूळ धारिका टाकू नये, आणि शेजारी पीडीएफ ठेवावे.

धारिकेला नाव काय द्यायचे, ही गोष्टही क्षुल्लक नाही. 'जळकोट-ओव्या-३' हे नाव आम्हाला पुरेसे आहे. पण तुळजापूर तालुक्यात, सोलापूरच्या हमरस्त्यावर दुसरे जळकोट आहे. पन्नास वर्षांनी एखादी संशोधिका हे ध्वनिमुद्रण ऐकून त्या जळकोटच्या बोलीवर निष्कर्ष काढील आणि तो चुकेल. गाव, तालुका, जिल्हा, तारीख, गाणारीची संमती आणि अटी, हे सारे प्रत्येक धारिकेबरोबर साध्या मजकुरात हवे. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी ग्रंथसंख्या, शक, तिथी आणि स्थळ लिहीत. तो उपचार नव्हता. ती पडताळणी होती.

या सगळ्याअंती आम्ही ठरवले ते असे. मूळ ध्वनिमुद्रणे एका हार्ड डिस्कवर जळकोटला, दुसऱ्या डिस्कवर नांदेडला एका स्नेह्यांकडे. ज्या गाण्यांना संमती आहे ती एका मोठ्या कंपनीच्या पैसे भरून घेतलेल्या जागेत. ती निवडताना पाहिले ते हे की, खंडित चढवणे पुढे चालू होते, सर्व सामान एकदम बाहेर काढता येते आणि वारस नेमता येतो. राखून ठेवलेल्या ओव्या कूटलिपीत, दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या कंपनीकडे, किल्लीची पाकिटे दोघींकडे. आणि ज्यांचे आवाज, त्यांच्या घरी त्यांच्या त्यांच्या गाण्यांची आक्रसलेली प्रत, नातवंडांच्या भ्रमणध्वनीवर. अट असलेल्या ओव्या अर्थातच वगळून.

या पाचांपैकी कोणती जागा अधिक टिकेल असे विचारले तर तज्ज्ञ मंडळी कंपनीकडे बोट दाखवतील. आमचा कल नातवंडांकडे आहे, पण आमच्याजवळ पुरावा नाही. भ्रमणध्वनी पाण्यात पडतात, बदलले जातात, जागा भरली की जुने पुसले जाते. म्हणून दर दिवाळीच्या सुटीत पाचही ठिकाणच्या काही धारिका उघडून, त्यांची लांबी मुळाशी ताडून, शेवटपर्यंत ऐकायच्या असे विद्यार्थ्यांबरोबर ठरले आहे. यंदा पहिली खेप. यादी करताना एका विद्यार्थिनीने स्वतःच्या आजीची तीन गाणी आपल्याकडे घेतली, आणि त्यांतले दोन शब्द तेलुगू आहेत की कन्नड, यावर वर्गात तासभर वाद झाला. तो अद्याप मिटलेला नाही. जाणकार वाचकांनी भर घालावी.